गाडी सेल घेत नाही? स्टार्टर बदलण्याआधी साडेतीनशे रुपयांच्या मल्टीमीटरने हे तपासा

या वेबसाइटवर मी सहसा फोन, चार्जर, ॲप्स असल्या गोष्टींवर लिहितो. आज गाडीवर लिहितोय. पण वाचत गेलात तर लक्षात येईल की विषय फारसा बदललेला नाही. शेवटी प्रश्न बॅटरी आणि केबलचाच आहे, फक्त केबल बोटाएवढी जाड आहे.

आमच्याकडे २००४ सालची एक छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, गाडीच्या वयाचा होता. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. आई डबे करते आणि बाबा ते अंबड आणि सातपूर एमआयडीसीत पोचवतात. रोजचे ३८ डबे. त्यासाठी मागची सीट काढून तिथे प्लायवूडची फळी टाकलीय. साडेअकराला गाडी निघाली तर साडेबाराच्या जेवणाच्या सुट्टीत शेवटचा डबा पोचतो. कंपन्यांत ही सुट्टी अर्धा तासच असते. डबा पाऊणला पोचला तर तो माणूस उपाशीच परत मशीनवर जातो, आणि पुढच्या महिन्यापासून डबा दुसरीकडे लावतो. म्हणजे गाडी वेळेवर चालू होणं ही आमच्या घरी चैनीची गोष्ट नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्रास सुरू झाला. चावी फिरवली की नुसता आवाज यायचा: टक्. बास. इंजिन फिरायचंच नाही. चार वेळा चावी फिरवली की पाचव्या वेळी चालू व्हायची, जणू काही झालंच नाही. कधी पहिल्याच झटक्यात चालू. बाबांनी यावर बाबांसारखाच उपाय काढला: गाडी कायम उतारावर लावायची. हँडब्रेक सोडला, सेकंड गिअर, क्लच सोडला की चालू. अंबडला एका गेटसमोर उतार नाही म्हणून तिथे ते इंजिन बंदच करायचे नाहीत.

मग आमचे पैसे जायला लागले. पहिला सल्ला सगळ्यांनी दिला तोच, बॅटरी बदला. ३८०० रुपये गेले, त्यातून जुन्या बॅटरीचे ७०० वजा. आठ दिवस गाडी मस्त चालली आणि नवव्या दिवशी परत टक्. दुसरा सल्ला गॅरेजमधून आला: स्टार्टर गेलाय, नवीन टाकायचा तर साडेपाच हजार, जुना खोलून कार्बन वगैरे बदलायचे तर अठराशे, पण गॅरंटी नाही. मधल्या काळात अजून एक खर्च झाला होता, पण त्याच्याबद्दल पुढे सांगतो. तेव्हा त्याचा या प्रकरणाशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी बाबा सपाट रस्त्यावर अडकले. सोबत कुणी नाही. ६१ वर्षांचा माणूस, दाराची फ्रेम धरून एकट्याने गाडी ढकलायला गेला, चक्कर आली आणि फुटपाथवर बसला. एका रिक्षावाल्याने पाणी दिलं, धक्का दिला, डबे पोचले. घरी आल्यावर बाबांनी हे सांगितलंच नाही. आईला दोन दिवसांनी त्या रिक्षावाल्याकडूनच कळलं. "अहो, विका ती गाडी," असं आई म्हणाली आणि त्या रात्री मी ठरवलं की विकायच्या आधी निदान नक्की काय बिघडलंय ते तरी शोधू.

माझी पहिली चूक

मी काय केलं असेल? मल्टीमीटर आणला, ३५० रुपयांचा, पिवळा, सगळीकडे मिळतो तो. बॅटरीला लावला. १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी फुल. साधा हिशोब असा असतो: गाडी काही तास बंद असताना १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२.० च्या आसपास आली तर चार्जिंगला लावा. मग मल्टीमीटर बीपवर लावून एकेक जाड वायर तपासली. सगळीकडे बीप वाजला. मी खूश. बॅटरी ओके, वायरिंग ओके, म्हणजे गॅरेजवाले बरोबर, स्टार्टरच गेला!

इथेच मी चुकलो होतो. हे तुम्ही फोनवर रोज अनुभवता. फोन जुना झाला की २२ टक्के बॅटरी दाखवतो, तुम्ही फ्लॅश लावून फोटो काढायला जाता आणि फोन बंद पडतो. २२ टक्के खोटं होतं का? तसं नाही. नुसता पडून असताना फोन थोडासाच करंट ओढतो, तेवढा ती बॅटरी देऊ शकते. एकदम जास्त मागितला की व्होल्टेज कोसळतं. केबलचंही तसंच. खराब केबलने फोन चार्जिंगला लागतो, विजेची खूणही दिसते, पण फास्ट चार्जिंग होत नाही. केबलमधून करंट जातोय, पण पुरेसा जात नाहीये.

आता हेच गाडीला लावा. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर इंजिन फिरवताना साधारण १०० ते १५० अँपिअर घेतो, अगदी पहिल्या क्षणी त्याहून बराच जास्त. तुमचा साधा चार्जर फोनला २ अँपिअर देतो. इतक्या मोठ्या करंटला वाटेतला एवढासा अडथळासुद्धा महागात पडतो. ओहमचा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलाय: व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रोध. वायरीच्या जोडात गंजामुळे फक्त ०.०५ ओहम रोध आला तर १०० अँपिअरला तिथेच ५ व्होल्ट खलास. १२ मधून ५ गेले, स्टार्टरला उरले ७. आणि हा ०.०५ ओहम तुमच्या स्वस्त मल्टीमीटरला दिसतच नाही, कारण त्याच्या स्वतःच्या दोन वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. जाड केबलच्या शंभर तारांपैकी पाच शिल्लक असल्या तरी बीप वाजतोच.

म्हणून बंद गाडीवर घेतलेलं माप या प्रकरणात जवळपास निरुपयोगी आहे. माप सेल मारत असतानाच घ्यायला हवं. हे मला कळायला दोन रविवार गेले.

टक् म्हणजे नक्की कोण वाजतं?

मापाकडे जाण्याआधी हा आवाज समजून घेऊ, कारण अर्धं निदान कानानेच होतं.

तुम्ही चावी फिरवता तेव्हा तो सगळा शंभर अँपिअर चावीतून जात नाही, गेला तर चावीचं स्विच वितळेल. चावीतून थोडासा करंट स्टार्टरच्या डोक्यावर बसलेल्या सोलेनॉइडला जातो. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारा लोखंडी दांडा. करंट आला की वेटोळ्याचं चुंबक होतं आणि दांडा आत खेचला जातो. तो दांडा दोन कामं करतो. एक म्हणजे स्टार्टरचं छोटं गिअर पुढे ढकलून इंजिनच्या फ्लायव्हीलच्या मोठ्या दातेरी चकतीत अडकवतो. दुसरं, तांब्याचे दोन जाड कॉन्टॅक्ट जोडतो. ते जोडले की बॅटरीचा खरा करंट मोटरमध्ये घुसतो आणि मोटर फिरते. छोट्या गिअरचे दहा-पंधरा फेरे झाले की इंजिनचा एक होतो, म्हणून एवढीशी मोटर अख्खं इंजिन फिरवू शकते.

टक् हा आवाज त्या दांड्याचा. म्हणजे टक् आला की समजायचं, चावी, फ्यूज, रिले आणि बारीक वायर इथपर्यंत सगळं ठीक आहे. घोटाळा त्याच्या पुढे आहे.

बाकीचे आवाजही लक्षात ठेवा. टकटकटकटक अशी पटपट मालिका आली तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा तिचं टर्मिनल सैल असतं: सोलेनॉइड खेचतो, मोटर करंट ओढते, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं, परत खेचतो. काहीच आवाज नाही तर चावीचं स्विच, रिले, फ्यूज किंवा सोलेनॉइडची बारीक वायर बघा. (काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल लागत नाही, तेही एकदा बघून घ्या. आमच्या शेजारच्या दादाने या कारणासाठी टो व्हॅन बोलावली होती.) मोटर घूंऽऽ करून फिरते पण इंजिन ढिम्म, तर छोटं गिअर किंवा त्याचा एकाच दिशेने पकडणारा क्लच गेलाय. आणि दातावर दात घासल्यासारखा कर्रर्र आवाज येत असेल तर सेल मारणं थांबवा, कारण फ्लायव्हीलची चकती खराब झाली की गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

आमचा आवाज म्हणजे एकच टक्. यावर गॅरेजमध्ये एक जुनी युक्ती करतात, हेडलाइट लावून सेल मारायचा. लाइट एकदम मंद झाला तर बॅटरी किंवा तिचे जोड खराब. लाइट तसाच राहिला आणि नुसता टक् आला तर करंट मोटरमध्ये जातच नाहीये, म्हणजे सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा मोटरचे कार्बन संपलेत. आमचा लाइट जेमतेम मंद व्हायचा. म्हणून गॅरेजवाल्यांनी स्टार्टर म्हटलं, आणि खरं सांगायचं तर त्या माहितीवर ते चुकीचं नव्हतं. पण या परीक्षेत एक भोक आहे. हेडलाइटचा परतीचा रस्ता गाडीच्या बॉडीतून जातो. स्टार्टरचा जातो इंजिनमधून.

परतीचा रस्ता

ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर ३८०० रुपये वाचले असते. गाडीत बॅटरीच्या प्लसपासून वायरी निघतात, पण मायनसला परत येताना वेगळ्या वायरी नसतात. गाडीचा पत्राच परतीची वायर असतो. याला गॅरेजमध्ये अर्थिंग म्हणतात. मात्र इंजिन पत्र्याला थेट टेकलेलं नसतं, ते रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, नाहीतर सगळी थरथर तुमच्या सीटपर्यंत येईल. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत, आणि काही गाड्यांत थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत, तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी किंवा जाड केबल असते. स्टार्टर इंजिनलाच बोल्टने बसवलेला, त्यामुळे त्याचा सगळा करंट त्या एका पट्टीतून परतायचा. ही पट्टी गाडीच्या पोटाखालच्या बाजूला असते. तिच्यावर पाणी, चिखल, ऑइल, वीस पावसाळे. तिच्याकडे कुणी बघत नाही.

आता माप. यात एक अडचण येते आणि फोन इथेच कामाला येतो. सेल मारायला एक माणूस आत लागतो, मीटर वाचायला एक बाहेर. मी एकटा होतो. मग मीटर बोनेटखाली टेकवून ठेवला, समोर फोन उभा केला, व्हिडिओ सुरू केला आणि आत जाऊन तीन सेकंद सेल मारला. नंतर व्हिडिओ हळूहळू सरकवत आकडे वाचले. स्वस्त मीटरचा डिस्प्ले सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे स्लो मोशनची गरज नाही, साधा व्हिडिओ पुरतो. शिवाय टक्चा आवाजही रेकॉर्ड होतो, म्हणजे कुठला आकडा नेमका कधीचा ते कळतं.

मीटर डीसी व्होल्टच्या २० वर. लाल वायर व्होल्टच्या भोकातच ठेवायची. १० अँपिअरचं जे वेगळं भोक असतं त्यात लाल वायर घालून स्टार्टरचा करंट मोजायला जाऊ नका. मीटर तर जळेलच, हातही भाजेल. हे करताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, हातातलं कडं, अंगठी काढून ठेवलेली. कडं प्लस आणि बॉडीच्या मध्ये आलं तर ते क्षणात लाल होतं.

तीन मापं घेतली. पहिलं, बॅटरीच्या दोन टोकांवर, सेल मारताना: ११.६ व्होल्ट. तब्येतीने सेल घेणाऱ्या गाडीत हे १० ते ११ पर्यंत उतरतं आणि साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. आमचं ११.६ वरच राहिलं, म्हणजे बॅटरी दमतच नव्हती. तिच्याकडे पुरेसं काम मागितलंच जात नव्हतं.

दुसरं, बॅटरीच्या प्लसपासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत. इथे मीटरची दोन्ही टोकं प्लसच्याच बाजूला लागतात. वाट स्वच्छ असेल तर दोन टोकांत फरक जवळपास शून्य दिसायला हवा, ०.५ पर्यंत चालतो. आमचा ०.४.

तिसरं, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत. रंग किंवा ऑइल नसलेली जागा शोधा, मी एका बोल्टच्या डोक्यावर टोक दाबून क्लिपने बसवलं. इथे ०.२ किंवा फार तर ०.३ यायला हवा. सेल मारला, बाहेर येऊन व्हिडिओ बघितला.

५.१ व्होल्ट.

मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. ११.६ मधून ५.१ परतीच्या रस्त्यात जात होते, ०.४ जाण्याच्या. बिचाऱ्या स्टार्टरला उरत होते जेमतेम सहा. सोलेनॉइडला दांडा खेचायला तेवढे पुरतात, म्हणून टक्. मोटरला पुरत नाहीत, म्हणून बास. आणि करंटच कमी वाहतोय म्हणून हेडलाइटही मंद होत नाही.

एक्सलेटरची केबल

गाडीखाली टॉर्च मारला तर पट्टी दिसली. म्हणजे पट्टीची आठवण दिसली. गिअरबॉक्सकडच्या टोकाला हिरवी भुकटी आणि चार-पाच तारा. पण मग प्रश्न पडला की एवढी तुटलेली असताना गाडी कधीकधी चालू तरी कशी व्हायची?

मघाशी म्हटलं होतं की मधल्या काळात अजून एक खर्च झाला. वर्षभरात बाबांनी एक्सलेटरची केबल दोनदा बदलली होती. दर वेळी तीच तक्रार: पॅडल जड लागतं, सोडलं तरी पटकन वर येत नाही. दुसरी केबल काढली तेव्हा आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलेलं होतं. गॅरेजमध्ये म्हणाले इंजिनची उष्णता. पटलंही.

ते इंजिनच्या उष्णतेने वितळलेलं नव्हतं. चांगला रस्ता बंद झाला की करंट मिळेल त्या वाटेने जातो, आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत लोखंडाच्या अजून दोन वाटा असतात, एक्सलेटरची केबल आणि क्लचची केबल. बाबा दिवसातून वीस वेळा सेल मारायचे आणि दर वेळी त्या बारीक तारेतून कित्येक अँपिअर जायचे. हीटरच तो. पाच वेळा टक्टक् केल्यावर एखाद्या वेळी या सगळ्या आडवाटा मिळून पुरेसा करंट जमायचा आणि गाडी चालू व्हायची. एक्सलेटर अर्धवट दाबलेला अडकला असता तर काय झालं असतं याचा विचार मी त्या रात्री जरा जास्तच केला. त्यामुळे तुमच्या जुन्या गाडीत सेलचा त्रास आणि केबल जड होण्याचा त्रास एकत्र येत असतील तर तो योगायोग समजू नका, पहिल्यांदा इंजिनचं अर्थिंग बघा.

दुरुस्ती सांगण्यासारखी फार नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात नवीन पट्टी १८० रुपयांना मिळाली. बॅटरीची मायनस वायर आधी काढायची आणि जोडताना सगळ्यात शेवटी जोडायची, हा क्रम उलटा केला तर पाना बॉडीला लागून ठिणगी उडते. गंजलेल्या बोल्टवर रात्री ऑइल सोडून ठेवलं, सकाळी बारा नंबरच्या पान्याने कुरकुरत निघाला. दोन्ही टोकांची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, कारण नवी पट्टी रंगावर किंवा गंजावर बसवली तर काही उपयोग नाही. घट्ट केल्यावर वरून ग्रीस. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी भुकटीही गरम पाण्याने धुतली. एक्सलेटरची केबल तिसऱ्यांदा बदलली, हे २५० वेगळे.

सेल मारला. ती टक्ची सवय लागलेली असल्याने इंजिन फिरल्यावर मी दचकलोच. परत मापं घेतली. इंजिन ते मायनस: ०.१२. बॅटरीवर: १०.४.

दुसरा आकडा बघून आधी पोटात गोळा आला. दुरुस्तीआधी ११.६ होतं, दुरुस्तीनंतर १०.४? मग डोक्यात प्रकाश पडला. आता स्टार्टर पोटभर करंट घेतोय, म्हणून बॅटरी तेवढी खाली जातेय. असंच व्हायला हवं. इंजिन चालू झाल्यावर १४.१, म्हणजे अल्टरनेटरही चार्ज करतोय. हा आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असला की ठीक.

नवीन बॅटरीने आठ दिवस का चालली? माझा अंदाज असा की बॅटरी बदलताना मायनसची बाजू हलली, घासली गेली आणि नव्या बॅटरीत थोडा दम जास्त. तेवढ्यावर आठवडा निघाला. जुनी बॅटरी बहुतेक चांगली होती. ती ७०० रुपयांत गेली ते गेलीच.

तुमच्याकडे माप वेगळं आलं तर

दोन्ही बाजूंची घट नगण्य आहे, बॅटरी दमदार आहे, आणि तरी एकच टक् येतो, तर मग मात्र स्टार्टरच. तेव्हाही लगेच नवीन घेऊ नका. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या, गॅरेजपेक्षा तिथे स्टार्टर खोलणारे हात असतात. झिजलेले कार्बन किंवा जळालेले सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट बदलता येतात. बंद स्टार्टरला हलकेच ठोकल्यावर गाडी चालू झाली तर कार्बन संपत आलेत असं समजा. ठोकल्याने ते क्षणभर टेकतात. हा उपाय घरी पोचण्यापुरता आहे, रोजचा नाही. उन्हाळ्यात गरम इंजिनला त्रास आणि सकाळी ठीक, असं असेल तरी याच दिशेने बघा, कारण तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो आणि काठावरचा स्टार्टर किंवा सोलेनॉइड तिथेच हरतो.

बॅटरीच ९ च्या खाली कोसळत असेल तर आधी ती नीट चार्ज करून मग पुन्हा मोजा. तरी कोसळली तर बदला. आणि प्लसच्या बाजूला जास्त घट आली तर टर्मिनल, त्याची केबल, स्टार्टरचा बोल्ट असं एकेक टप्पा जवळ आणत मोजत जा, जिथे आकडा एकदम उडी मारेल तिथे खराबी.

काही जण पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर लावून स्टार्टरचे बोल्ट थेट जोडतात. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती तुमच्याच अंगावर येते. करू नका. सेलही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा. यामागे गंमत आहे: अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१२ च्या कॅडिलॅक गाडीसाठी विजेचा स्टार्टर केला, तोपर्यंत इंजिन हँडलने फिरवावं लागायचं. इतकी छोटी मोटर इंजिन फिरवूच शकणार नाही असं इतरांना वाटायचं. त्याने ओळखलं की ती काही सेकंदच फिरायची आहे, त्यामुळे तिच्याकडून झेपेल त्याहून कितीतरी जास्त काम क्षणभर करून घेता येतं. तुमच्या गाडीतली मोटरही त्याच हिशोबाने बनलीय. सलग फिरवली तर जळते.

दोन प्रश्न मित्रांनी विचारले म्हणून सांगतो. फोनच्या पॉवर बँकेने गाडी चालू होते का? नाही. ती ५ व्होल्टला १०-२० वॅट देते, स्टार्टरला हजाराच्या वर वॅट लागतात. गाडीसाठी जंप स्टार्टर म्हणून जी वेगळी पेटी मिळते तिची गोष्ट निराळी, आणि आमच्यासारखा अर्थिंगचा प्रश्न असेल तर केबल बॅटरीला लावून तीही हरेल. मात्र तिची काळी क्लिप बॅटरीच्या मायनसऐवजी इंजिनच्या धातूवर लावली आणि गाडी चटकन चालू झाली, तर मीटरशिवायच तुमचं निदान झालं. दुसरा प्रश्न, ओबीडी लावून फोनवर बघता येत नाही का? भारतात ओबीडी २०१० पासून सक्तीचं झालं, आमची गाडी त्याच्या आधीची. आणि नव्या गाडीतही तो कॉम्प्युटर पट्टीच्या तुटलेल्या तारा मोजत नाही, फार तर व्होल्टेज कमी आहे एवढंच सांगेल.

एकूण हिशोब: मीटर ३५०, पट्टी १८०, केबल २५०. त्याआधी वाया गेलेले ३१०० वेगळे.

बाबांनी त्यानंतर महिनाभर गाडी उतारावरच लावली. मी काही बोललो नाही. मागच्या आठवड्यात खाली उतरलो तर गाडी कडुनिंबाच्या सावलीत, सपाट जागेवर उभी होती. अंबडच्या गेटसमोरही आता इंजिन बंद करतात म्हणे. पेट्रोल किती वाचतं ते त्यांनी मला स्वतःहून सांगितलं.